डागांसकट उभा असलेला आरसा

मी एक जुना आरसा आहे आणि मित्रांनो, माझ्यावर डाग आहेत. ते लपवून हकीकत सांगणे मला मान्य नाही, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकले.

माझी काच परगावची. पण सागवानी चौकट कोल्हापुरातल्या सुताराची. शाहूपुरीत आण्णा शिंप्यांचे दुकान होते, गणवेश शिवून देणारे. तिथे मी उभा राहिलो. बँडवाले, शाळेची मुले, नुकतीच पोलिसात लागलेली पोरे, सगळी माझ्यासमोर पहिल्यांदा ताठ झाली. आण्णांचा आरसा तोंडदेखले बोलत नाही, असे गिऱ्हाइके म्हणत. मग महापूर आला. पंचगंगेचे पाणी दुकानात शिरले आणि ओसरेपर्यंत माझ्या पाठीचा मुलामा जागोजागी सुटून हे डाग पडले. आण्णांनी दुकान आवरले. मला एका वैमानिक प्रशिक्षण संस्थेने नेले आणि धावपट्टीकडे उघडणाऱ्या दाराशी उभे केले.

इथले नियम कडक होते आणि मला ते मनापासून आवडले. टायचे टोक पट्ट्याच्या बकलाला टेकलेले हवे. केस कॉलरच्या वर बांधलेले हवेत, म्हणजे ते सुटून डोळ्यांवर येत नाहीत. दाढी गुळगुळीत हवी, कारण पुढे मोठ्या विमानात प्राणवायूचा मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसावा लागतो. या नियमांची टिंगल करणाऱ्यांशी मी आजही भांडेन. ज्याला स्वतःच्या बुटाची सुटलेली नाडी दिसत नाही, त्याला पंखाचा सैल झालेला स्क्रू कसा दिसणार?

संस्थेची एक रीतही होती. उड्डाणाआधी विमानाची पाहणी करतात, तशीच इथे माणसाचीही करत. एकाने बाब पुकारायची, दुसऱ्याने माझ्यात पाहून उत्तर द्यायचे. मग उलट. पुकारणाऱ्यालाही तीच बाब जशीच्या तशी विचारली जाई. हुद्दा कितीही मोठा असो, त्यातून सुटका नव्हती.

प्रशिक्षणार्थी राजनंदिनी मलकापूरची. तिच्या डाव्या डोळ्याखाली आणि ओठांच्या कडेला कोडाचे पांढरे डाग होते. पहिल्या दिवशी तिने माझे डाग पाहिले, मग स्वतःचे पाहिले आणि हसून टाय सरळ केला. त्या दिवसापासून आमचे जमले.

तिच्या पहिल्या एकटीच्या उड्डाणाचा दिवस उजाडला. वर्तमानपत्राचा छायाचित्रकार आला होता. तिची आत्या बाळाबाई पहाटेच्या एसटीने आली होती. येताना तिने पिशवीतून क्रीमची ट्यूब आणली होती.

"लाव की एवढं, बाय. उद्या समदा तालुका फोटू बघंल."

"बघू दे की, आत्या. त्यांनी मला कधी बघितलं न्हाय व्हय?"

"लई शानी हाईस! कोन काय बोललं म्हंजे मग माझ्या गळ्यात पडून रडू नगंस."

तेवढ्यात मुख्य प्रशिक्षक कॅप्टन विजयसिंह आले. माणूस सरळ होता, पण फोटोच्या काळजीने पछाडलेला. त्यांनी पाहणी सुरू केली. बूट? ठीक, सर. टाय? ठीक. केस? ठीक. खांद्याच्या पट्ट्या? ठीक. आणि तिथे थांबायचे सोडून ते पुढे म्हणाले, "चेहरा?"

ही बाब पाहणीत कधीच नव्हती. मी इथे आल्यापासून एकदाही ऐकली नव्हती.

राजनंदिनीने माझ्यात पाहिले. "माझाच आहे, सर."

"तसं नव्हे. आत्याबाई म्हणतात तेवढं लावून घे. संस्थेच्या शोभेचा प्रश्न आहे. नाहीतर उड्डाण पुढं ढकलू."

बाळाबाईने घाईने ट्यूबचे झाकण उघडले. आकाश दाराबाहेर मोकळे होते आणि राजनंदिनी दाराशी एका ट्यूबपायी अडली होती. पण तिने हात पुढे केला नाही. ती टाचा जुळवून म्हणाली, "सर, आता माझी पाळी. बूट?"

कॅप्टनना रीत मोडता येईना. "ठीक."

"टाय?" "ठीक." "केस?" "ठीक." "पट्ट्या?" "ठीक."

"चेहरा, सर?"

कॅप्टननी माझ्यात पाहिले. त्यांच्या हनुवटीपासून कानापर्यंत जुन्या टाक्यांची जाड रेघ होती. एरवी ते दाढी तपासण्यापुरते माझ्यासमोर येत आणि निघून जात. त्या दिवशी मी ती रेघ त्यांना पुरती दाखवली. एक टाकाही गाळला नाही.

त्यांनी त्या रेघेवरून कानापर्यंत बोट फिरवले.

"माझाच आहे," ते शेवटी म्हणाले. मग बाळाबाईकडे वळले. "आत्याबाई, ते झाकण लावा. पाहणी पूर्ण."

ती उडाली. मी दारातून आकाशाचा एक तुकडाच पाहू शकतो. त्या तुकड्यातून तिचे विमान एकटे गेले. उतरल्यावर तिथल्या प्रथेप्रमाणे सोबत्यांनी तिच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतले. छायाचित्र निघाले ते त्याच निथळत्या, हसऱ्या चेहऱ्याचे.

"आगं बया!" बाळाबाई ओरडली. "क्रीम लावलं आसतं तर समदं वाहूनच गेलं आसतं की!"

मित्रांनो, माझ्या जागी लावायला आणलेली नवी कोरी काच कागदात गुंडाळून भिंतीशी टेकवून ठेवली आहे. लावायची असेल तर खुशाल लावा. पण तोवर मला रोज कोरड्या फडक्याने पुसा, ओल्या फडक्याने नव्हे. धूळ आणि बोटांचे ठसे काढा. ती अस्वच्छता आहे. डाग मात्र घासू नका आणि त्यांच्यावर कॅलेंडरही टांगू नका. ते महापुरातून उभे राहिल्याचे आहेत आणि माझ्या गणवेशात बसतात.