दुरुस्तीला काढलेली भिंत

आमच्या देवगडच्या बाजूला घराच्या चिऱ्याला हात लावायचा तर तीन परवानग्या लागतात. देवाची, भावाची आणि सरकारची. देव कौल देऊन मोकळा होतो. भाऊ देत नाही. सरकार नाही म्हणत नाही, फक्त त्रुटी काढतं. या तिसऱ्या परवानगीवर माझं पोट चालतं. जामसंड्याच्या बाजारात पिठाच्या गिरणीवर माझी खोली आहे आणि बाहेर पाटी आहे, 'घरांचे नकाशे व बांधकाम परवानगी'. सिव्हिलचा डिप्लोमा घेतला तेव्हा वाटलं होतं, खाडीवर पूल बांधीन. नशिबात साहेबलोकांच्या शेऱ्यांना उत्तरं लिहिणं होतं.

भिकाजीकाका माझ्याकडे पहिल्यांदा आले ते २००३ साली. देवळात यावं तशा चपला दाराबाहेर काढून आत आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "वर्षालीबाय, भिंत पाडूची आसा."

"मगे पाडा. माका कित्याक इचारतास?"

"परवानगी व्हयी."

मी पेन खाली ठेवलं. आमच्याकडे लोक आधी बांधतात, मग नोटीस येते, मग ते माझ्याकडे येतात. पाडण्याची परवानगी मागणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. पण काका कोर्टातले निवृत्त बेलीफ. आयुष्यभर लोकांच्या दारांवर समन्सं चिकटवली, आणि त्यातून त्यांच्या मनात कागदाची जी भीती बसली ती कागद घेणाऱ्यांच्याही मनात नसेल.

एवढ्या कायद्याच्या माणसाने ती भिंत मात्र कुणालाही न विचारता घातली होती. ८९ सालच्या मे महिन्यात मुंबईच्या मामाने या घरात एक टेपरेकॉर्डर आणला आणि तो कुणाच्या खोलीत ठेवायचा यावरून काका आणि त्यांचे थोरले भाऊ गंगाराम यांच्यात जुंपली. शब्दाने शब्द वाढला. काकांनी रागाच्या भरात चिरे आणून मधल्या खोलीतून थेट छपरापर्यंत भिंत उभी केली. पुढचं दार आणि ओटी काकांच्या वाट्याला आली. गंगारामदादांनी मागे, चुलीच्या बाजूला नवं दार पाडलं आणि भर अंगणात शपथ घेतली, "तुझ्या घरात ह्या जन्मात पाय ठेवूचंय नाय." टेपरेकॉर्डर दिवाळीपर्यंत बंद पडला. भिंत टिकली, कारण काम चांगलं केलं होतं.

वाटणी झाली नाही ती फक्त गणपतीची. देवळात कौल लावला, तेव्हा एका घराण्यात दोन गणपती बसवायला देवाने साफ नकार दिला. म्हणून भिंतीला मधोमध एक मोठं भोक ठेवलं आणि देव त्या भोकात, भिंतीच्या जाडीत बसू लागला. दोन्ही घरं आपापल्या बाजूने एकाच वेळी आरती म्हणत, आणि आपली आरती देवाला आधी ऐकू जावी म्हणून जमेल तेवढी मोठ्याने म्हणत. देव दिसायचा तो एकेका अंगाने. काकांच्या बाजूला अख्खा दात, दादांच्या बाजूला मोडका. हे भिकाजीने मुद्दाम केलं असं दादा चौदा वर्षं मानत होते. मला विचाराल तर केलंच असणार.

मग गंगारामदादांना अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं, बोलणं जड झालं. मुलगा सर्वेश मुंबईला नोकरीत, घरात एकट्या जानकीकाकू. त्यांच्याने दादांची कूस बदलवत नसे. एक दिवस धाकट्या जावेने, शेवंतीकाकूने, त्या भोकातून पेजेची वाटी पुढे केली आणि स्वतः घराला वळसा घालून, भिजत, मागच्या दाराने मदतीला गेली. पुढे ते रोजचंच झालं. एकदा काकांनीही भोकातून डोकं घातलं. दादांनी डावा हात उचलला. दोघा भावांचा समेट झाला तो एवढाच.

दादांना ओटीवर पडून राहायचं होतं. ओटीवरून वाट दिसते, माणसं दिसतात, समुद्र दिसतो. मागच्या खोलीतून फक्त फणसाचं खोड दिसतं. पण ओटी भावाच्या घरात, आणि शपथ आडवी. खाट उचलून नेऊ म्हटलं तरी दादा मान हलवत.

"भिंत गेली की घर एक झाला," काका मला म्हणाले. "मगे शपत खंयच्या घराची?"

"काका, मगे सरळ पाडा ना."

"बांधताना कोणाक इचारूक नाय, ता चौदा वर्षां भोगलंय. पाडताना इचारून पाडतलंय."

शिवाय आता छपराचा भार त्याच भिंतीवर होता आणि गवंडी यतीन कागदाशिवाय हात लावायला तयार नव्हता. किनाऱ्यावरच्या कुठल्याशा कामावर त्याचं मिक्सर नुकतंच जप्त झालं होतं. मी अर्ज केला.

घर भरतीरेषेच्या इतकं जवळ की तिथे नवं काही बांधता येत नाही, आहे त्याची दुरुस्ती तेवढी करता येते. साहेबांनी माझा नकाशा उलटसुलट बघितला. "मॅडम, ही दोन घरं आहेत. घर क्रमांक वेगळे आहेत. तुम्ही दोन लहान घरांचं एक मोठं घर करताय. किनाऱ्यावर घर मोठं करता येत नाही."

"साहेब, जागा तेवढीच राहते."

"जागा तेवढीच. घर मोठं."

त्यांच्या परीने त्यांचं बरोबर होतं, हीच तर पंचाईत. पुढची त्रुटी आली, शेजाऱ्याचे ना-हरकत पत्र जोडावे. आता या घराचा शेजारी म्हणजे भाऊच. काकांनी आपली हरकत नसल्याचं सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. दादांचा कागद भोकातून पलीकडे गेला. शेवंतीकाकूने शाईचं पॅड धरलं आणि दादांनी डाव्या हाताचा अंगठा असा दाबला की शाई पसरून अंगठ्याचा रुपया झाला. जन्मात पहिल्यांदा त्यांनी धाकट्या भावाच्या कामाला हरकत घेतली नव्हती.

त्यानंतर साहेबांचं लाल पेन भिंतीतल्या भोकावर थांबलं. "हे काय?"

"गणपतीची जागा."

"दोन घरं आहेत, तर मधली भिंत अखंड हवी. भोक अनधिकृत आहे. काढून टाका आणि नकाशा नव्याने द्या."

मी वाद घातला. साहेब शांतपणे चहा पीत राहिले. शेवटी देवाला अनधिकृत ठरवून आम्ही पुढे गेलो.

दुसऱ्या वर्षी, चतुर्थीच्या तोंडावर परवानगी आली. पाडण्याची नव्हे. 'उभय घरांमधील भिंतीच्या दुरुस्तीस मंजुरी देण्यात येत आहे.' मी संतापाने तो कागद टेबलावर आपटला. जी भिंत नको, ती मजबूत करायला सरकारने आशीर्वाद दिला होता. मग सवयीने खालच्या अटी वाचल्या. 'दुरुस्तीसाठी भिंत उतरवावी लागल्यास ती मूळ जागी, मूळ उंचीची, मंजूर नकाशाप्रमाणे पुन्हा बांधणे बंधनकारक राहील.' मुदत एक वर्ष, पुढे नूतनीकरण. मी ती अट पुन्हा वाचली आणि एकटीच हसत सुटले. खालून गिरणीवाला विचारायला आला, काय झालं म्हणून.

"काका, भिंत उतरवा. बांधूची कधी, ता आपण बघू. दर वर्षाक कागद वाढवून घेवया."

"म्हणजे कायद्यान?"

"शंभर टक्के."

यतीनने माडाच्या खोडांचे टेकू छपराला दिले आणि भिंत उतरवली. चिरे काकांनी मागच्या अंगणात नीट रचून ठेवायला लावले, कारण भिंत मोडली नव्हती, दुरुस्तीला काढली होती. मग चौघांनी दादांची खाट ओढली. भिंत होती त्या जागी जमिनीवर पांढरा पट्टा उरला होता. दादांनी हाताने थांबा म्हणून खूण केली. त्या पट्ट्याकडे बघितलं, भिकाजीकडे बघितलं, आणि चला म्हणून हात हलवला. त्या चतुर्थीला देव मधल्या खोलीत मोकळा बसला, सगळ्यांकडे तोंड करून. दादांनी त्याचे दोन्ही दात एकदम बघितले आणि लहान मुलासारखे रडले. मीही रडले, आणि दुसऱ्यांची बांधकामं बघून रडणारी मी बाई नव्हे.

मग दर वर्षी काका कागद वाढवायला यायचे. "भिंत कशी आसा, काका?" मी विचारायची. "दुरुस्तीक काढलली आसा," ते गंभीर चेहऱ्याने सांगायचे आणि मग दोघंही हसायचो. तिसऱ्या पावसाळ्यात दादा ओटीवरच गेले. पुढच्या दाराने गेले.

पुढे वर्ष झाल्यावर सर्वेश आला. दरम्यान आमच्या किनाऱ्याला पर्यटकांचा सुगावा लागला होता आणि ज्याला त्याला घरात भाड्याने द्यायला स्वतंत्र दाराच्या खोल्या हव्या होत्या. सर्वेशच्या हातात वडिलांच्या पेटीतली परवानगीची प्रत होती. "मॅडम, ही भिंतीची परवानगी चालू आहे ना?"

चालू होती. मागच्याच महिन्यात काकांनी स्वतः वाढवून घेतली होती.

"बरं झालं. नवीन परवानगीला वर्षं जातात म्हणे. बाबांनी आणि काकांनी आयतीच करून ठेवली."

"अरे, ती परवानगी कशाक घेतली ता तुका म्हायत आसा?"

"अट स्पष्ट आहे, मॅडम. पुन्हा बांधणे बंधनकारक." तो माझ्याशी मालवणीत बोलतच नव्हता.

मी काकांकडे गेले. वाटलं होतं, भांडतील, निदान एक शिवी तरी देतील. काकांनी कागदावर बोट फिरवत अट वाचली. पुन्हा वाचली. "कायद्यान बरोबर आसा," ते म्हणाले, आणि मागच्या अंगणात जाऊन रचलेल्या चिऱ्यांवरचं शेवाळ झाडूने काढायला लागले.

भिंत उभी राहिली. मूळ जागी, मूळ उंचीची, मंजूर नकाशाप्रमाणे. या वेळी सिमेंटमध्ये. मंजूर नकाशात भोक नव्हतं, त्यामुळे भोक ठेवलं नाही. आमच्या पट्ट्यात इंचन् इंच कायदेशीर असलेली ती एकच भिंत असेल.

त्या चतुर्थीला मी दर्शनाला गेले. देव जुन्याच जागी होता, पण आता भिंतीला पाठ लावून, काकांच्या बाजूला तोंड करून. दोन्ही दात दिसत होते. आरती झाल्यावर मी घराला वळसा घालून मागच्या दाराने जानकीकाकूकडे गेले. सर्वेशला रजा मिळाली नव्हती. खोल्या रंगवून कुलूप लावून ठेवल्या होत्या. काकू नव्या भिंतीसमोर पाट मांडून बसल्या होत्या. पुढे निरांजन, समोर पांढरीशुभ्र भिंत.

"काकी, थंय चला. मी हात धरतंय."

"माझ्या झिलान, सर्वेशान, शपत घातल्यान हा गो. थंय पाय ठेवूचो नाय." त्यांनी वात सारखी केली. "देवान हंय पाठ केल्यान हा, पण बसलो तर हंयच आसा."

मी काकांना हे सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ते चपला बाहेर काढून माझ्या खोलीत आले. "अर्ज करूचो आसा. भिंतीक भोक. देवापुरता."

माझं डोकं फिरलं. "काका, पहार घेवा आणि घाला घाव! रागान बांधलास तेव्हा खंय गेलेलो तुमचो कायदो?"

"रागान केललां खंय टिकला?" ते म्हणाले. "तू अर्ज लिही."

मी लिहिला. माझ्या आयुष्यात इतकं लवकर उत्तर कधी आलं नव्हतं. महिन्याच्या आत आलं, एका ओळीचं. 'भिंतीपलीकडील घरमालकाचे ना-हरकत पत्र जोडावे.' सर्वेशला फोन केला. तो म्हणाला, बघू. पुन्हा केला, तर उचलला नाही.

मी काकांना तसं सांगितलं. त्यांनी पिशवीतून जुनी फाईल काढली आणि एक कागद माझ्यासमोर सरळ करून ठेवला. शाई तपकिरी झाली होती, पण पसरलेला अंगठा ओळखू येत होता.

"ह्यो दादाचो आंगठो. हरकत नाय म्हटल्यान होता," काका म्हणाले. "ह्यो चलात काय गो?"