चुकलेल्या पत्त्यावरची अठरा मिनिटं

पोस्टमनकाकांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी पत्त्यांनी त्यांचा पिच्छा सोडला नव्हता. पूर्वी ते लोकांची घरं शोधत हिंडायचे. आता त्यांचंच घर शोधायला कुणीतरी निघालं होतं आणि ते सापडत नव्हतं.

त्याचं असं झालं, की काकांनी घरात तीन सर्व्हर पाळले होते. पाळले हाच शब्द बरोबर, कारण काकू म्हणायच्या, "यापेक्षा मांजरं परवडली. ती निदान दुपारची गप्प झोपतात." जिन्याखालच्या फळीवर तीन जुने कॉम्प्युटर घरघरत बसलेले असत. एकात घरचे फोटो, दुसऱ्यात काकूंनी मोठ्याने वाचून रेकॉर्ड केलेली पुस्तकं आणि तिसऱ्यात भिंगरी. भिंगरी म्हणजे दीड वर्षाची नात, एका जागी दोन मिनिटं न टिकणारी. तिच्या खेळायच्या कोपऱ्यावर एक छोटा कॅमेरा रोखलेला होता. त्याचं चित्र एका वेबपानावर दिसे आणि खाली चार शब्द लिहायला एक चौकट होती. हा सगळा खटाटोप जगातल्या एकाच माणसासाठी होता, भिंगरीच्या आईसाठी.

काकांची ही लेक जहाजावर इंजिनियर. जावई दुसऱ्याच जहाजावर. जहाज बंदराला लागलं की रविवारी अकराला लेकीला अर्धा तास इंटरनेट मिळायचं, तेही हात आखडून दिलेलं: व्हिडिओ कॉल बंद, साधं पान तेवढं उघडायचं. मागचे दोन रविवार पाण्यात गेले होते. आज तिसरा. उद्या जहाज सुटलं की दोन महिने पुन्हा बंदर नाही, आणि दीड वर्षाचं पोर दोन महिन्यांत किती बदलतं हे कुणी कुणाला सांगायला नको.

पहिला रविवार पोर्टांनी खाल्ला होता. घरात शिरायला बाहेरून वाट एकच, राउटरची. त्या राउटरला नंबर घातलेल्या खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणायचं. जहाजावरून फक्त ४४३ नंबरची खिडकी चालायची, आणि ती काकांनी कधीच फोटोंच्या सर्व्हरला देऊन टाकली होती. बिचाऱ्या लेकीने अर्धा तास घराच्या रंगकामाचे फोटो पाहिले. काका ओशाळले खरे, पण ही अडचण त्यांच्या पेशातलीच निघाली. त्यांनी खिडकीशी एक प्रोग्राम बसवला. येणाऱ्याने कुणाचं नाव घेतलंय ते वाचायचं आणि त्याला त्या सर्व्हरकडे धाडायचं. "हे तर सॉर्टिंग!" काका खुशीत म्हणाले. "जन्मभर दुसरं केलंय काय मी?"

दुसऱ्या रविवारी पान उघडलं, पण चित्र काळंकुट्ट. मग आठवडाभर काकांनी कॅमेऱ्याची वायर बदलली, कोपऱ्यातला बल्ब बदलला, कॅमेऱ्याला चार शिव्याही घालून झाल्या. घरातून पाहावं तर भिंगरी लख्ख! आज अकरा वाजून दोन मिनिटांनीही ती लख्खच दिसत होती आणि ठोकळे फेकत होती.

"अहो," काकू म्हणाल्या, "घरात बसून घराचा पत्ता काय तपासताय? वायफाय बंद करा आणि मोबाइलवरून बघा, परक्यासारखं."

आता बायकोने पोस्टमनला पत्ता शिकवायचा! काकांनी नाक मुरडलं, पण पाहिलं. चित्र काळं. खाली लेकीचे शब्द: "बाबा, पुन्हा अंधार. मी आहे इथेच."

काकांनी लगेच पत्ता तपासायला घेतला. इंटरनेट कंपनी घराचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा घरनंबर, मनाला येईल तेव्हा बदलते, म्हणून त्यांनी डायनॅमिक डीएनएस लावलं होतं. पानाचं नाव कायम तेच ठेवायचं आणि सर्व्हरने दर दहा मिनिटांनी कळवायचं, की या नावाचा मी सध्या इथे राहतो. त्या नावापुढचा आकडा काकांनी वाचला आणि कपाळावर हात मारून घेतला. तो त्यांच्या घराचा नव्हताच. तो ताईच्या घराचा होता.

ताई म्हणजे काकांची थोरली बहीण, चार गल्ल्या पलीकडे राहणारी. आपल्या घराचं काही बरंवाईट झालं तर भिंगरीची चित्रं तरी वाचावीत, म्हणून दहा दिवसांपूर्वी काकांनी तिसऱ्या सर्व्हरची नक्कल ताईच्या स्वयंपाकघरात बसवली होती. तिच्या राउटरची खिडकीही स्वतःच्या हाताने उघडून दिली होती. कॅमेरा तेवढा तिथे नव्हता. नक्कल इतकी हुबेहूब, की तीही दर दहा मिनिटांनी ठणकावून सांगायची, "मी इथे राहतो!" शेवटी बोलेल त्याचं खरं. टपालखात्यात असा घोळ दुसऱ्या कुणी केला असता, तर काकांनी त्याला उभा-आडवा घेतला असता.

"वन्संना फोन करून ते डबडं बंद करायला सांगते," काकू म्हणाल्या.

"उपयोग नाही गं. जहाजावरचं इंटरनेट एकदा धरलेला पत्ता तासभर सोडत नाही. तिच्या लेखी आपण आज ताईकडेच राहतो." एवढं बोलून काका थबकले आणि एकदम उठले. "मग राहू या की ताईकडे!"

त्यांनी चौकटीत लिहिलं, "थांब, आलोच." कॅमेरा उपटून खिशात कोंबला, भिंगरीला सायकलच्या पुढच्या सीटवर बसवून पट्टा आवळला आणि पायडल मारलं. सहा वर्षांत त्यांनी अशी सायकल हाणली नव्हती. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला ओरडला, "काका, एवढी घाई कसली?"

"रजिस्टर्ड टपाल आहे!" काका ओरडले आणि स्वतःच खो खो हसले.

काकूंचा फोन आधीच पोचला होता; ताई दारातच उभी होती. "आधी सांगता येत नाही होय रे? ओटा तरी आवरला असता!"

"ओटा कोण बघतंय, ताई! सरक."

भिंगरीला खांद्यावर घेऊनच काकांनी कॅमेरा जोडला. चित्र उजळलं: ताईची फरशी, पिठाचा डबा, पसरलेली सतरंजी. अकरा वाजून बारा मिनिटं. काकांनी विजयी वीरासारखं भिंगरीला खाली उतरवलं आणि त्यांचा चेहराच पडला. सायकलच्या हेलकाव्यांनी कार्टी गाढ झोपली होती. ताईने तिला हळूच सतरंजीवर ठेवलं.

चौकटीत अक्षरं उमटली. "अगं बाई! केवढी लांब झाली! पण बूट एकच कसा?"

तेवढ्यात काकू धापा टाकत आत शिरल्या. त्यांच्या एका हातात फोन होता आणि दुसऱ्यात रस्त्यावर सापडलेला भिंगरीचा बूट.

"उठव गं तिला," काका ताईला म्हणाले. "गुदगुल्या कर. अठराच मिनिटं आहेत, नुसती झोपलेली काय दाखवायची!" ताई वाकली, तोच मोबाइलवर पुढची ओळ आली.

"उठवू नका, बाबा. श्वास दिसतोय."

काकांनी मोबाइल काकूंपुढे धरला. काकूंनी वाचलं, ताईने वाचलं. ओट्यावर दूध वर येत होतं. ताईने जागेवरूनच हात लांब करून गॅस बंद केला, आणि साडेअकरापर्यंत तिघंही भिंतीला टेकून उभी राहिली.