रेंगाळण्याचे उदाहरण

शब्दकोशाच्या कचेरीत 'लिंगर' या इंग्रजी शब्दाने सगळी सकाळ खाल्ली. अत्तर उडते आणि वास रेंगाळतो, निरोप घेऊनही पाहुणा दारात रेंगाळतो, हे अर्थ सहज लागले. मग मरणाला टेकलेल्या माणसाने जीव न सोडता नुसते पडून राहणे, हा अर्थ आला आणि टेबलाभोवतीच्या माना खाली गेल्या. मुख्य संपादक दोन वर्षे अर्धांगाने घरी अंथरुणाला खिळले होते, आणि त्यांची बायको तपासायच्या मुद्रितांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन याच टेबलाशी बसली होती.

उपसंपादकाची मान तेवढी ताठ. साहेबांच्या खुर्चीवर त्याचा कधीपासून डोळा होता.

"याचं उदाहरण वहिनींनीच द्यावं," तो म्हणाला. "आमचं सगळं ऐकीव. त्यांची तर घरातलीच गोष्ट."

कोणीतरी हसू खोकल्यात दडवले.

तिने पेन्सिलीला टोक केले. "घ्या लिहून. 'डॉक्टरांनी हात टेकले तरी तो रेंगाळत राहिला. त्याच्याआधी त्याची बायको संपली.'"

खोकला थांबला. उपसंपादकाने वाक्य उतरवून घेतले. त्यात बोट ठेवायला जागा नव्हती.

पण साहेबांच्या संमतीवाचून कोशात एक ओळही जात नसे, दंडक त्यांचाच. रोज संध्याकाळी ती उशाशी बसून पाने वाचून दाखवी. पापणी मिटली की होकार, नजर भिंतीकडे वळली की नकार. नकार आला की वाक्य बाद. आजवर तिने तो इमानाने कचेरीत पोहोचवला होता. सगळ्या जगावरची त्यांची सत्ता आता तेवढीच उरली होती.

त्या संध्याकाळी तिने अत्तर वाचले, पापणी मिटली. पाहुणा वाचला, मिटली. मग आपले वाक्य वाचले, सावकाश, परक्या कुणाचे असावे तसे.

नजर भिंतीकडे वळली.

तिने पुन्हा वाचले. नजर हलेना. डोळ्याच्या कडेने पाणी ओघळून कानात शिरले. ते तिने रुमालाने टिपले, उशी सारखी केली, आणि कागद त्याच भिंतीला, त्यांच्या नजरेच्या ऐन समोर टेकवून, वाक्यापुढे होकाराची खूण केली.

दुसऱ्या दिवशी उपसंपादक त्या खुणेकडे बराच वेळ पाहत राहिला. साहेबांनी काहीच हरकत घेतली नाही का, असे त्याने चाचरत विचारले.

"आवडलं त्यांना," ती म्हणाली, आणि पुढचा शब्द काढला.