भिंतीपलीकडचं उखळ

अंड्यांचे साठ रिकामे ट्रे डोक्यावर घेऊन कोनादू बाजारातून आली, तेव्हा अंगणाभोवतीच्या सातही खोल्यांतून माना बाहेर आल्या.

"काय गं सिस्टर, कोंबड्या पाळतेस की काय?" समोरचा यिआडोम सुतार ओरडला.

"आवाज अडवतेय, आवाज! भिंतीला लावणार हे."

अडवायलाच हवा होता हो! कोनादू कुमासीतल्या बाळंतपणाच्या दवाखान्यात रात्रपाळीची नर्स. सकाळी घरी यायची, दहाला आडवी व्हायची, आणि अकराला भिंतीपलीकडे आफ्राकोमाआजी उखळात उकडलेले कसाव्याचे कंद घालून फुफूचा गोळा कांडायला बसायची. धप्प! मग शांतता. मग पुन्हा धप्प! मेली ती मधली शांतताच वाईट. पुढचा घाव आत्ता पडेल, मग पडेल, करत कोनादू टक्क जागी. परवा तर नुकतंच जन्मलेलं बाळ हातात असताना तिला डुलकी लागली. बाळाला काही झालं नाही, पण मेट्रनबाई म्हणाल्या, "पुन्हा असं झालं तर बाळांच्या खोलीत पाऊल ठेवायचं नाही." आणि बाळं तर कोनादूचा जीव की प्राण.

कसाव्याची खळ शिजवून तिने भिंतभर ट्रे चिकटवले. अकराला धप्प! काही म्हणजे काही फरक नाही. दुसऱ्या दिवशी तिने आपली गादीच भिंतीला उभी केली आणि स्वतः चटईवर निजली. आता सांगा, शहाण्या बाईने असं करावं? तिकडे उखळ जमिनीवर, इकडे हिचा कान जमिनीवर. धप्प थेट डोक्यात!

"आज सांगतेच म्हातारीला," म्हणत ती तणतणत शेजारी गेली. पण आमच्याकडे आलेल्याला आधी पाणी देतात, मगच कारण विचारतात. पाणी पिता पिता तिचा निम्मा राग उतरला, आणि मग तिला दिसलं. फुफू कांडायला माणसं लागतात दोन. एकाने मुसळ हाणायचं, दुसऱ्याने मधल्या मध्ये ओल्या हाताने गोळा उलटायचा. आजी दोन्ही एकटीच करत होती. मुसळ हाणायचं, टेकवायचं, वाकून गोळा उलटायचा, पुन्हा मुसळ उचलायचं. गेल्या वर्षी लेक लग्न होऊन सुन्यानीला गेली, तेव्हापासून उलटायला कुणी उरलंच नव्हतं.

"बोल पोरी, काय काम काढलंस?"

ओठावर आलेलं सगळं कोनादूने गिळलं. कांडणारीला कांडू नका सांगायचं म्हणजे जेवू नका म्हटल्यासारखंच की!

"मी उलटते," ती खाली बसत म्हणाली.

"बोटं ठेचून घेशील."

"रोज बाळं उलटी-सुलटी करते मी आजी, तुमच्या गोळ्याचं काय घेऊन बसलात!"

धप्पधप्पधप्प! तासाभराचं काम पंधरा मिनिटांत उरकलं. वर शेंगदाण्याचं गरमागरम सार, त्यात धुरावलेले मासे. पोटभर फुफू खाऊन जागं राहील असा माणूस कुमासीत अजून जन्मायचाय. कोनादूने घरी येऊन गादी खाली ओढली आणि झोपली, ती थेट चारला उठली.

मग रोजचंच झालं. कोनादू आली की कांडायचं, खायचं, झोपायचं. पंधरवड्याने मेट्रनबाईंनी तिच्या हातात चक्क जुळी दिली. त्या दिवशी ती रस्त्याने गाणं म्हणत घरी आली.

आणि यिआडोमने गाठलंच. "सिस्टर, घोरतेस केवढी! अंगणभर ऐकू येतं."

कोनादू लाजेने अर्धी झाली. भिंतीवरचे ट्रे ओरबाडून ती आजीकडे धावली. "तुमच्या बाजूने लावते, आजी. सांगायचं नाही का मला!"

आजीने ट्रे काढून घेतले आणि कोपऱ्यात टाकले.

"काही लावायचं नाही," ती म्हणाली. "लेक गेल्यापासून दुपारभर या भिंतीकडे बघत बसायचे मी, डोळ्याला डोळा लागायचा नाही. आता तू घोरायला लागलीस की घरात माणूस आहे असं वाटतं, आणि मग मीही झोपते."

तिने मुसळ उचललं. "चल, हात ओला कर."