एका वेळी एकच खण

मित्रांनो, मी फाईली ठेवायचं चार खणांचं एक जुनं पोलादी कपाट आहे, आणि मला माझ्याच पोटाची शिसारी येते. शाळेत तुम्ही फाटक्या छत्रीचं किंवा मोडक्या खुर्चीचं मनोगत लिहिलं असेल. त्यात शेवटी छत्री म्हणते, मला टाकू नका. मी तसं म्हणणार नाही. मला भंगारात घातलंत तरी माझी तक्रार नाही, पण त्याआधी माझं ऐकून घ्या.

पत्र्याच्या कारखान्यात माझा जन्म झाला. अंगावर राखाडी रंगाचे दोन हात बसले. मला जोडणाऱ्या फिटरने माझ्या उजव्या कुशीत एक उभी दांडी बसवली. एक खण बाहेर आला की ही दांडी बाकीच्या तिघांना अडवून धरते. चारही खण एकदम उघडले तर भरलेलं कपाट पुढे कलंडतं आणि समोरच्याचे पाय मोडतात, म्हणून ही सोय. एका वेळी एकच खण, हा माझा पहिला आणि शेवटचा नियम. तो मी आजवर कोणासाठीही मोडलेला नाही.

कारखान्यातून मी थेट एका लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात आलो. दुसऱ्या मजल्यावर चढवताना हमालांनी मला जिन्याच्या वळणावर आपटलं आणि सगळ्यात खालच्या, चौथ्या खणाची पट्टी वाकली. तेव्हापासून तो खण सरळ ढकलून बंद होत नाही. मूठ बोटभर वर उचलायची, खण किंचित डावीकडे दाबायचा आणि मग गुडघ्याने लोटायचं. एवढं नीट जमलं नाही तर तो दोन बोटं उघडाच राहतो, आणि मग दांडीमुळे वरचे तिन्ही खण अडकून बसतात.

सुरुवातीची वर्षं चांगली गेली. पहिल्या खणात हालचाल नोंदवही असायची. कोण किती वाजता कार्यालयातून निघालं, हे तिच्यात लिहितात. दुसऱ्यात विधेयकांवरच्या टिपण्या, तिसऱ्यात लोकांचे अर्ज, चौथ्यात गळक्या शाळांच्या तक्रारी. दप्तर सांभाळणाऱ्या बाई रोज सकाळी ओल्या फडक्याने मला पुसायच्या आणि आलेल्यांना कौतुकाने सांगायच्या की या कपाटातला कागद कधी हरवत नाही. माझी छाती फुगायची. न हरवलेल्या कागदाचाही खून करता येतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

मग मामा आला. मामा म्हणजे साहेबांचा मुख्य सहायक. साहेबांची भेट, साहेबांचं भाषण, साहेबांचा मूड, सगळं त्याच्या मुठीत. नात्याने तो तिथे कोणाचाच मामा नव्हता. पण 'मामा' म्हटलं की नव्या मुलींच्या आईवडिलांच्या जिवाला बरं वाटतं, हे त्याला पक्कं कळत होतं. पहिल्याच आठवड्यात त्याने गळक्या शाळा उचलून माळ्यावर टाकल्या, चौथ्या खणात बाटल्या मांडल्या आणि वर चिठ्ठी चिकटवली, 'संकीर्ण'.

विधेयक मंजूर झालं की संकीर्ण उघडायचं. पडलं तरी उघडायचं. वार्ताहर खूश करायचा असला तरी, आणि कोणी रुसला तरीही. दारू पिणं हे तिथल्या कामाचंच अंग होऊन बसलं होतं. जो ग्लास घेऊन बसेल त्याच्या कानावर आतली बातमी पडणार, त्याला पुढचं भाषण लिहायला मिळणार. जो उठून घरी जाईल तो आपल्यातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई यायच्या तेव्हा चौथा खण हटकून आ वासलेला असायचा, कारण चार ग्लास पोटात गेल्यावर माझी ती वाकडी पट्टी कोणालाच जमत नसे, मामालाही नाही. बाई आधी गुडघ्याने तो बंद करायच्या आणि मगच कामाला लागायच्या. अशी अठरा वर्षं गेली.

या अठरा वर्षांत दोन मुलींनी मामाबद्दल लेखी तक्रार केली. एकीने अर्धं पान लिहिलं, दुसरीने दोन पानं. दोन्ही कागदांवर साहेबांनी तिरक्या अक्षरात तोच शेरा मारला, 'दप्तरी दाखल'. ज्यांनी कचेरी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. दप्तरी दाखल म्हणजे काही करायचं नाही, कागद कपाटात ठेवून द्यायचा. बाईंनी शिक्का मारला आणि ते कागद तिसऱ्या खणात अगदी मागे सारले. दोन्ही मुली नोकरी सोडून गेल्या. पुढे आलेल्या प्रत्येक नव्या मुलीला बाई बाजूला घेऊन हळूच सांगायच्या, तिसरा ग्लास भरला की पर्स उचलायची आणि निघायचं. बाईंना ती माया वाटायची. मलाही वाटायची, याची आता लाज वाटते.

शेवटी आली ती टिपणीवाली. वय सव्वीस, वडील टपाल वाटायचे. विधेयकावर ती इतक्या सोप्या शब्दांत टिपणी लिहायची की साहेबांनासुद्धा समजायची. पाणीपुरवठ्याच्या विधेयकासाठी ती आठ महिने राबली. तिची नेमणूक मुदतीची होती आणि ती कायम होणार असं मामा येता-जाता सांगत होता.

विधेयक दुपारी एक वाजता मंजूर झालं. दोन वाजता संकीर्ण उघडलं. टिपणीवालीने एक ग्लास घेतला, अर्धा प्यायली आणि उरलेला माझ्या डोक्यावर ठेवला. चारच्या सुमाराला सगळे खाली सभागृहात साहेबांची वार्ताहर परिषद ऐकायला गेले. मामाने तिला थांबवलं. आभाराच्या भाषणात दोन परिच्छेद घालायचे होते म्हणे. ती खिडकीजवळच्या टेबलावर लिहायला बसली.

आता मामाने काय केलं ते मी क्रमाने सांगतो. त्याने बाटलीला बूच लावलं. ती चौथ्या खणात ठेवली. मूठ बोटभर वर उचलली, डावीकडे दाबली आणि गुडघ्याने लोटून खण पहिल्याच झटक्यात बंद केला. मग पहिला खण उघडून हालचाल नोंदवही काढली, टिपणीवालीच्या नावापुढे 'रवाना, चार दहा' असं लिहिलं आणि खाली स्वतःची आद्याक्षरं केली. अक्षर मोत्यासारखं आलं. वही जागेवर ठेवली. मग जाऊन दाराला आतून कडी घातली.

पुढचं मी सांगणार नाही. ते तिचं आहे. कोणाला सांगायचं आणि किती, ते तीच ठरवेल. तिने तीन वेळा स्पष्ट शब्दांत नको म्हटलं, एवढं मात्र सांगतो, कारण नंतर त्याच खोलीत बसून लोकांनी त्यावर वाद घातला. त्याने तिच्यावर जबरदस्ती केली. ती गेल्यावर मामाने माझ्या गुळगुळीत पत्र्यात बघून भांग सारखा केला. त्याचा चेहरा माझ्या अंगावर उमटला होता. इतक्या वर्षांत मला गंज लागला, पोचे पडले, पण इतकं घाण कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या आणि सवयीने चौथ्या खणाला गुडघा लावायला वाकल्या. खण बंद होता. बाई तशाच वाकून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी टिपणीवालीने तक्रार दिली. तिने शहाणपणा केला. एकेक प्रत साहेबांना, पक्षाच्या समितीला आणि एका वकिलाला अशी दिली, त्यामुळे तिरक्या अक्षराला जागाच उरली नाही. समिती बसली. बाहेरचा एक माणूस हवाच होता, म्हणून त्या वकिलालाच समितीत घ्यावं लागलं. बरोबर एक निवृत्त मुख्याध्यापिका आणि पक्षाचा एक जुना कार्यकर्ता होता.

या कार्यालयाची एक रीत आहे. कुठल्याही प्रसंगाला दोन मसुदे तयार ठेवायचे, एक जिंकलो तर, एक हरलो तर. मामाने इथेही तेच केलं. पहिला मसुदा असा की काही घडलंच नाही, नोंदवही बघा, ती चार दहाला गेली. दुसरा असा की काही घडलंच असेल तर दारूने घडवलं, सहा ग्लास झाले होते, शुद्ध नव्हती, काही म्हणजे काही आठवत नाही, आणि ती तरी कुठे कोरडी होती. याने सहा ग्लास घेतले म्हणून याला सूट, तिने अर्धा घेतला म्हणून तिला बोल. एकाच बाटलीतली दारू, त्याच्या पोटात जाऊन त्याचा गुन्हा हलका करते आणि तिच्या पोटात जाऊन तिचा तयार करते. हे ऐकून समितीतला जुना कार्यकर्ता मान डोलावत होता. माझ्या पोटात अठरा वर्षं दारू होती, मित्रांनो. मी कोणावर हात टाकला नाही. तुम्ही म्हणाल, तुला हातच कुठे आहेत. ज्याला आहेत त्याला विचारा, एवढंच माझं म्हणणं आहे.

साहेबांनी लगोलग मोठी कारवाई केली. कार्यालयात मद्यपानास बंदी, असा आदेश काढला. बाटल्या बेसिनमध्ये ओतल्या गेल्या आणि मामा आपल्या खुर्चीवर राहिला. त्याने दारू सोडल्याचं डोळ्यांत पाणी आणून जाहीर केलं. लोकांनी त्याची पाठ थोपटली. टिपणीवालीपुढे एक कागद ठेवण्यात आला. मद्याच्या अंमलाखाली घडलेला प्रकार आपसात मिटला आहे, असं त्यात लिहिलं होतं. सही केली तर दुसऱ्या कार्यालयात कायम नेमणूक, नाही केली तर महिनाअखेर मुदत संपणार. घरी एकट्या तिच्या पगारावर चूल पेटत होती. तिने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि समितीची शेवटची बैठक होईपर्यंत वेळ मागून घेतला.

त्या बैठकीत साहेब, मामा आणि टिपणीवाली यांच्यासमोर वकिलाने बाईंना नोंदवही काढायला सांगितली. बाई उठल्या. त्यांनी आधी रिकामा चौथा खण उघडला, तसाच ठेवला, आणि पहिल्या खणाची मूठ ओढली. दांडीने आपलं काम केलं. खण हलला नाही. वकिलाला वाटलं गंजलाय. बाईंनी त्याला खालचा बंद करून द्यायची विनंती केली. बिचाऱ्याने तीनदा लोटला, लाथही घातली. खण दोन बोटं उघडाच. मामाला राहवलं नाही. कार्यालयातली एखादी गोष्ट दुसऱ्याला जमू नये आणि आपण बसून बघावं, हे त्याच्या स्वभावात नव्हतं. तो उठला, मूठ उचलली, डावीकडे दाबली, गुडघ्याने लोटलं.

"असं. जोर लागत नाही याला," तो म्हणाला. "नेमकेपणा लागतो."

बाईंनी पहिला खण उघडला, वही काढली आणि ते पान सगळ्यांसमोर ठेवलं.

"चार ग्लास झाले की हा नेमकेपणा कोणाला जमत नाही, मामा. तुम्हालासुद्धा नाही. अठरा वर्षं दुसऱ्या दिवशी सकाळी हा खण मीच लावत आले. त्या सकाळी तो लावलेला होता." बाईंचा आवाज चढला नाही. "यात एका वेळी एकच खण उघडतो. तुम्हाला शुद्ध नव्हती, तर खालचा बंद करून, वरचा उघडून इतक्या सुंदर अक्षरात ही नोंद कोणी केली? आणि तुम्हीच केली असेल, तर शुद्ध नव्हती कसं म्हणता?"

मामाने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी पंख्याकडे पाहिलं. दोन्ही मसुदे टेबलावर होते आणि मामाला त्यातला एकही उचलता येईना. मग तो तेच जुनं पुटपुटला, की तिनेही घेतली होती.

"हो, घेतली होती," टिपणीवाली म्हणाली. "माझ्या अर्ध्या ग्लासाचा जबाब मी देते. तुमच्या हातांचा तुम्ही द्या." तिने पर्समधला तो कागद काढला आणि सही न करता परत ठेवून दिला. दारूने काही केलं नाही, यांनी केलं, असं लिहिलेला कागद असेल तर द्या, त्यावर करते, असं तिने सांगितलं.

बाई अजून माझ्यापाशीच उभ्या होत्या. त्यांनी वरचा खण लावला, तिसरा उघडला, अगदी मागे हात घातला आणि ते दोन जुने कागद काढून समितीपुढे ठेवले. मुख्याध्यापिकेने विचारलं, यावर शिक्का कोणाचा आहे.

"माझा," बाई म्हणाल्या. "आणि तेव्हा मी पूर्ण शुद्धीत होते."

मुख्याध्यापिकेने ते दोन्ही कागद नोंदवहीवर ठेवले. नोंदवही आणि ते दोन कागद लाखेच्या पाकिटातून पोलिसांकडे गेले, आणि त्यांच्या मागोमाग मामाही. खटला उभा आहे, निकाल लागायचा आहे. त्या दोन मुलींपैकी एकीने साक्ष द्यायला होकार कळवला, दुसरीने पत्राला उत्तर दिलं नाही. टिपणीवालीची मुदत महिनाअखेर संपली ती संपलीच. सही न करणाऱ्याला इथे कोणी मुदतवाढ देत नाही. ती आता दुसरीकडे कमी पगारावर काम करते आणि तारखेला कोर्टात येते. बाई रजा टाकून तिच्याशेजारी बसतात.

साहेबांना अचानक माझा रंग जुनाट वाटू लागला. मला जिन्याखाली आणून टाकलं आहे आणि अंगावर खडूने लिलावाचा आकडा घातला आहे. तिन्ही वरचे खण रिकामे आहेत. चौथ्याला अजून वास येतो.

मित्रांनो, मला पुसा, रंग द्या, असं मी मागत नाही. मी पोलादाचा होतो, मला बोलता येत नव्हतं, म्हणून मी कागद पोटात ठेवले. तुमच्यातलं कोणी उद्या अशाच कचेरीत जाईल. एखादी मुलगी तुमच्या हातात अर्ध्या पानाचा कागद देईल, तेव्हा तुम्ही शुद्धीत असाल. हे माझं सांगणंही असाच एक कागद आहे. ऐकून झालं असेल तर एवढंच करा, ते दप्तरी दाखल करू नका.