सतरावी रेघ

जिक्रा दुपारच्या बसनं नांदेडहून लातूरला आली आणि सरळ माझ्यापुढं लॅपटॉप उघडून बसली. आठ वर्षांपूर्वी ती माझ्या क्लासमध्ये, प्रवेशपरीक्षेच्या फिजिक्स बॅचला होती. आता पीएचडी करते. कथलाच्या आयनांवर लेसर मारला तर काय होतं, ते कॉम्प्युटरवर तपासते.

"मॅडम, माझं गणित प्रयोगाशी जुळंना म्हणून सोमवारी माझे गाइड अण्णाराव सर माझा विषयच बंद करून राहिले."

लेसर इलेक्ट्रॉनला अणूतून ओढतो, परत आणून आपटतो, आणि त्यातून नव्या प्रकाशाच्या रेघा निघतात. लेसरच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनांच्या. हे मी तिच्याकडूनच शिकले. मला कॉलेज कुठलं? भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये जी पुस्तकं हाती लागली, तेवढीच माझी शाळा. तर, एखादी रेघ अणूच्या स्वतःच्या कंपनाशी जुळली, की ती शेजारणींच्या कितीतरी वर जाते. प्रत्यक्ष प्रयोगात सतरावी, म्हणजे सतरापट कंपनांची रेघ खांबासारखी उभी होती. जिक्राच्या सिम्युलेशनमध्ये सगळं सपाट.

"अणूचं कंपन घातलंयस ना?"

"हाव. तीनदा तपासलं. लई डोकं फोडलं मॅडम."

मी प्रोग्राम ओळीओळीनं वाचत गेले. अगदी शेवटी, आकृती काढायच्या आधी, लिहिलं होतं: एखादी रेघ शेजारच्यांच्या पाचपट झाली, तर ती पुसून तिथं शेजारच्या दोघींची सरासरी ठेवा.

"हे कुणी घातलं?"

तिनं ती ओळ पुन्हा वाचली. "मीच. पहिल्याच आठवड्यात. विसरूनच गेले." मग हळूच म्हणाली, "तुम्हीच म्हणायच्या ना, चार पर्यायांत न बसणारं उत्तर आलं तर आपलंच चुकलं. खोडा अन् पुढं चला."

म्हणायचे. दोनशे पोरांपुढं, फळ्यावर डस्टर आपटून.

ती ओळ काढली. वीस मिनिटांत सतरावी रेघ उभी राहिली, शेजारणींच्या वीसपट.

"सरांना दिलेले आधीचे दोन रिपोर्ट?"

"त्यातबी सपाटच." तिनं नजर चुकवली. "सांगत न्हाई मॅडम. नवी आकृती देते, झालं."

"म्हणजे परत खोडायचं?"

तिनं स्पीकरवर सरांना फोन लावला. सगळं सांगितलं. मग सर म्हणाले, "विषय राहील. पण दोन्ही रिपोर्ट चुकलेत, हे सगळ्यांपुढं तूच सांगायचं."

फोन ठेवून ती म्हणाली, "खोडायची सवय कुणी लावली, ते न्हाई सांगितलं. तुमचं नाव न्हाई घेतलं मी."

"घ्यायला हवं होतंस," मी म्हणाले.