कोणत्या माडावर

एकाहत्तरच्या लढाईत आम्हा पालघरजवळच्या माहीमकरांना शेजारी देशाच्या तोफांपेक्षा एकमेकांचाच धसका जास्त होता. वर तारापूरला अणुवीज केंद्र, त्यामुळे जो तो दुसऱ्यावर डोळा ठेवून. मीही ठेवला. संशय घ्यायला मला तसंही फारसं कारण लागत नाही.

लष्कराने किनाऱ्यावरच्या देवळाचा पांढरा कळस डांबराने काळा केला. दुसऱ्याच दिवशी माझ्या वाडीच्या टोकाला, पहिल्या माडावर, पांढरं लुगडं फडकताना दिसलं. बांधणारी शेजारची हंसा. तिचा नवरा नामदेव लढाई पेटायच्या आधीच मासेमारीला गेलेला, होडीचा पत्ता नाही. मला खटकलं ते वेगळंच. लुगडं कधी पहिल्या माडावर, तर त्याच दिवशी चार-सहा तासांनी चौथ्यावर! शत्रूच्या बोटींना खुणा नाहीत तर काय?

"कोणासाठी चाललंय हे?" मी दरडावलं.

"आमच्या होडीची गोष्ट हाय, तात्या. परक्याला नाय सांगाची."

परक्याला! तीस वर्षं माझ्या विहिरीचं पाणी पिते आणि मी परका! डोकंच फिरलं. चौकीत वर्दी दिली. सकाळी पोलिसांनी पहिल्या माडावरचं लुगडं उतरवलं आणि हंसाला पालघरला नेलं. जाताना ती एकसारखी समुद्राकडे बघत होती. मला तोही पुरावाच वाटला.

दुपारी नामदेवची होडी दिसली. खडकांच्या रांगेबाहेर ती नुसतीच इकडून तिकडे फिरत होती, आत शिरत नव्हती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कळस दिसेना, म्हणून हंसाने लुगडं बांधलं होतं, खडकांमधली वाट दाखवायला! मेल्याहून मेल्यासारखं झालं. धोतर फेडलं, लंगोटीवर माड चढलो आणि जिथून पोलिसांनी लुगडं उतरवलं होतं तिथेच, पहिल्या माडावर, ते बांधलं.

होडी लगेच वळली. सरळ माझ्या धोतराच्या रोखाने आली आणि खडकावर आपटून फुटली. दोन खलाशी पोहत आले. नामदेव आला नाही.

संध्याकाळी हंसाला सोडलं. वाळूवर आलेल्या फळ्यांकडे ती बघत राहिली, मग माडाकडे.

"ते कोणी बांधलं?"

"मी."

"कवा?"

"दुपारी. होडी दिसली तेव्हा."

"दुपारी ओहोटी व्हती, तात्या," ती म्हणाली. "ओहोटीला चौथा माड."